हळदीचा भाव आणि पाण्यातल्या कणांची थरथर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बारावीच्या वर्गासाठी मी प्रयोगशाळेत उपकरणे मांडून ठेवत होतो. इतक्यात दारात एक विद्यार्थी येऊन उभा राहिला. चेहरा ओळखीचा नव्हता.

‘‘सर, आत येऊ का? मी वाणिज्य शाखेचा आहे, दुसऱ्या वर्षाला. मला ब्राउनीय गती समजून घ्यायची आहे.’’

मला आश्चर्य वाटले. वाणिज्य शाखेच्या मुलांची आणि आमच्या प्रयोगशाळेची सहसा गाठ पडत नाही. जमाखर्च आणि ताळेबंद शिकणाऱ्या मुलाला पाण्यातल्या कणांशी काय देणेघेणे? मी त्याला तसे विचारलेही. तेव्हा त्याने पिशवीतून दोन गोष्टी बाहेर काढल्या. एक होती लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही. नववीत असल्यापासून सांगलीच्या बाजारात हळदीला रोज काय भाव निघाला, ते त्याने तिच्यात टिपून ठेवले होते. दुसरी वस्तू म्हणजे एका जुन्या फ्रेंच प्रबंधाच्या इंग्रजी भाषांतराची छापील पाने. प्रबंध होता शेअर बाजाराविषयी, पण त्याच्या प्रस्तावनेत पुन्हा पुन्हा ‘ब्राउनीय गती’ हे शब्द येत होते आणि तिथेच मुलाची गाडी अडली होती.

हे सारे तो कशासाठी वाचत होता, ते त्याने थोड्या वेळाने सांगितले. त्याच्या वडिलांचा हळदीचा छोटा व्यापार आहे. त्यांच्या मोबाईलवर एका सल्लागाराचे संदेश येऊ लागले. ‘या आठवड्यात भाव चढेल’, ‘या आठवड्यात उतरेल’ असे ते संदेश असत. लागोपाठ सहा आठवडे सहाही अंदाज बरोबर निघाले. सातव्या आठवड्यात वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून माल भरला आणि भाव पडला. घरात तेव्हापासून कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

‘‘सर, मला एवढेच पाहायचे आहे, की उद्याचा भाव आज सांगता येतो का?’’

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही दोघे पुढचे दोन महिने दर शनिवारी बसलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्याला गणित लागते, पण नववीच्या बीजगणिताहून अधिक नाही.

ब्राउनने काय पाहिले?

सुरुवात करू या १८२७ सालापासून. रॉबर्ट ब्राउन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्किया पुल्केला नावाच्या फुलाचे पराग पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. परागकणांच्या आत असलेले अतिसूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरताना त्याला दिसले. (परागकणच थरथरत होते, असे काही पुस्तकांतून लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. अख्खा परागकण अशा हालचालीसाठी फार मोठा असतो. थरथरत होते ते त्याच्या आतले बारीक कण.)

ब्राउनला प्रथम वाटले, की ही जिवंतपणाची खूण असावी. पण तो सावध संशोधक होता. त्याने काचेची पूड, दगडांची पूड, इतकेच नव्हे तर इजिप्तमधील स्फिंक्सच्या दगडाचा तुकडा कुटून त्याचीही पूड पाण्यात घालून पाहिली. सारे कण तसेच थरथरत होते! म्हणजे याचा जीवनाशी संबंध नव्हता.

मग कण हलतात का? याचे नेमके उत्तर मिळायला १९०५ साल उजाडावे लागले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले, की पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी त्या कणाला धडका देत असतात. कोणत्याही एका क्षणी सर्व बाजूंच्या धडका सारख्या नसतात. कधी डावीकडून थोड्या अधिक, कधी उजवीकडून. त्यामुळे कण इकडे तिकडे ढकलला जातो. पुढे झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दर ३० सेकंदांनी कणाची जागा कागदावर टिपून आइन्स्टाइन यांचे गणित प्रयोगाने पडताळून पाहिले. रेणू खरोखरच असतात का, याविषयी तोपर्यंत काही नामवंत शास्त्रज्ञांनाही शंका होती. ती या प्रयोगांनी फिटली. पेरँ यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कणाचा पुढचा धक्का कोणत्या दिशेने बसेल, हे आइन्स्टाइन यांनी सांगितले नाही. ते सांगता येतच नाही. त्यांनी सांगितले ते वेगळेच: इतक्या वेळात कण सुरुवातीच्या जागेपासून साधारण किती दूर गेलेला असेल.

पण पाऊल कोणत्या दिशेने पडेल हे माहीत नसताना अंतर कसे काय सांगता येते? यासाठी एक खेळ खेळू.

नाणेफेकीची चाल

अंगणात खडूने एक लांब सरळ रेषा ओढा. मध्यावर उभे राहा. नाणे उडवा. छाप पडला तर एक पाऊल उजवीकडे, काटा पडला तर एक पाऊल डावीकडे. पुन्हा नाणे उडवा, पुन्हा पाऊल टाका. अशा चालीला ‘यादृच्छिक भ्रमण’ म्हणतात. साध्या मराठीत याला भटकणे म्हणू या.

शंभर वेळा नाणे उडवल्यावर तुम्ही कुठे असाल? कोणी म्हणेल, जितके छाप तितकेच काटे, म्हणून मध्यावरच. पण हा खेळ करून पाहाल तर बहुतेक वेळा तुम्ही मध्यावर नसता. कधी आठ पावले उजवीकडे, कधी बारा पावले डावीकडे, असे कुठेतरी असता. हे अंतर काढण्याची युक्ती अशी आहे.

समजा, काही पावलांनंतर तुम्ही मध्यापासून ड इतके दूर आहात. पुढच्या नाण्याला छाप पडला तर अंतर ड + १ होईल. काटा पडला तर ड − १ होईल. आता दोन्हींचा वर्ग करा:

(ड + १)² = ड² + २ड + १
(ड − १)² = ड² − २ड + १

छाप आणि काटा यांची शक्यता सारखी आहे, म्हणून या दोन वर्गांची सरासरी घेऊ. २ड हे पद एकदा अधिक, एकदा उणे आहे, ते नाहीसे होते. उरते ड² + १.

याचा अर्थ काय झाला? प्रत्येक पावलागणिक अंतराच्या वर्गाची सरासरी बरोबर एकाने वाढते. एका पावलानंतर १, दोन पावलांनंतर २, शंभर पावलांनंतर १००. मग अंतर साधारण किती? शंभरचे वर्गमूळ, म्हणजे १० पावले.

नियम असा: सरळ चालणारा माणूस शंभर पावलांत शंभर पावले दूर जातो, पण भटकणारा माणूस साधारण दहाच पावले दूर जातो. चौपट वेळ भटकले तर अंतर दुप्पटच होते. सोळापट वेळ भटकले तर चौपटच होते.

हा वर्गमूळाचा नियम निसर्गात सर्वत्र आढळतो. पाण्याच्या पेल्यात तळाशी साखर टाकली आणि पाणी अगदी स्थिर राहिले, तर साखरेच्या रेणूंना फक्त भटकत भटकत वर यावे लागते. एक सेंटीमीटर अंतर जाण्यासाठी त्यांना साधारण एक दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो. मग दहा सेंटीमीटरसाठी किती? दहा दिवस नव्हे, शंभराहून अधिक दिवस! चहात साखर घातल्यावर आपण चमचा का फिरवतो, याचे कारण आता लक्षात आले ना?

व्यापाऱ्याच्या मुलाचा प्रबंध

आता त्या फ्रेंच प्रबंधाकडे वळू. त्याचा लेखक होता लुई बाशलिये. त्याचा जन्म १८७० साली ल हाव्र या फ्रान्सच्या बंदराच्या गावी झाला. वडील मद्याचे व्यापारी होते. १८८९ मध्ये आई आणि वडील दोघेही वारले आणि एकोणीस वर्षांच्या लुईला शिक्षण थांबवून दुकान सांभाळावे लागले. मग सक्तीची लष्करी नोकरी आली. १८९२ मध्ये तो पॅरिसला पोहोचला आणि पुन्हा विद्यार्थी झाला.

२९ मार्च १९०० या दिवशी त्याने आपला डॉक्टरेटचा प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. परीक्षकांत आंरी प्वँकारे यांच्यासारखा थोर गणिती होता. प्रबंधाचा विषय होता सट्टा! पॅरिसच्या बाजारात फ्रेंच सरकारच्या कर्जरोख्यांचे भाव कसे वरखाली होतात, याचे गणित त्याने मांडले होते. भाव म्हणजे जणू रेषेवर भटकणारा माणूस. पुढचे पाऊल वर की खाली, हे कोणालाच ठाऊक नाही. पण जसजसा वेळ जाईल तसतशी भावाची शक्यता दोन्ही बाजूंना पसरत जाते, आणि तो पसारा वेळेच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. लोखंडाच्या सळईचे मधले टोक तापवले तर उष्णता जशी दोन्हीकडे पसरते, तेच समीकरण इथेही लागू पडते, हे त्याने दाखवले.

साल पाहा. आइन्स्टाइन यांच्या लेखाच्या पाच वर्षे आधी! आइन्स्टाइन यांना या प्रबंधाची माहिती नव्हती. एकाने रेणूंच्या धक्क्यांचा विचार केला, दुसऱ्याने गिऱ्हाइकांच्या बोलींचा, आणि दोघे एकाच गणितापाशी पोहोचले. खरे तर त्याही आधी, १८६३ मध्ये, झ्यूल रेन्यो या पॅरिसच्या एका दलालाच्या मदतनिसाने भावांतील फरक वेळेच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो, असे लिहून ठेवले होते.

प्वँकारे यांनी प्रबंधाची प्रशंसा केली, पण विषय नेहमीच्या वाटेपासून दूर असल्याचेही नोंदवले. बाशलियेला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. प्राध्यापकाची कायम जागा त्याला १९२७ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी मिळाली. १९४६ मध्ये तो वारला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांपैकी त्याचे नाव जाणणारे फारच थोडे होते. १९५० च्या दशकात लिओनार्ड सॅव्हेज या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने आपल्या ओळखीच्या अर्थशास्त्रज्ञांना पत्रे धाडून ‘हे नाव तुम्ही ऐकले आहे का?’ अशी विचारणा केली, तेव्हा कुठे या प्रबंधावरची धूळ झटकली गेली. १९६४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आले. आमच्या विद्यार्थ्याच्या पिशवीत होती ती त्याचीच पाने.

‘‘सर, याचेही वडील व्यापारी होते,’’ तो इतकेच म्हणाला.

भाव भटकतो का?

कणाला रेणू ढकलतात. भावाला कोण ढकलते?

असे समजा, की पुढच्या सोमवारी हळद महागणार हे बाजारातल्या सर्वांना पक्के कळले. मग लोक सोमवारपर्यंत थांबतील का? मुळीच नाही. सारे आजच माल घ्यायला धावतील, आणि त्या धावपळीने भाव आजच चढेल. म्हणजे सर्वांना जे कळलेले असते, ते आजच्या भावात आधीच मिसळलेले असते. उद्याचा भाव हलणार तो आज कोणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीमुळे: अवेळी आलेला पाऊस, परदेशातून आलेली मागणी, एखादा सरकारी निर्णय. आणि जे ठाऊकच नाही ते वर ढकलेल की खाली, हे आधी कसे सांगणार? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६५ मध्ये हा युक्तिवाद गणिताने सिद्ध करून दाखवला.

त्याआधी १९५३ मध्ये लंडनचे संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केंडल यांनी ब्रिटनमधील शेअर, शिकागोचा गहू आणि न्यूयॉर्कचा कापूस यांच्या अनेक वर्षांच्या भावांची छाननी केली होती. भावांत काही ठराविक लय सापडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. बहुतेक ठिकाणी तशी लय सापडली नाही. गेल्या आठवड्यातील चढ किंवा उतार पाहून या आठवड्याविषयी जवळपास काहीच सांगता येत नव्हते.

आता विद्यार्थ्याची वही उपयोगी पडली. एक सुधारणा मात्र करावी लागली. पाच हजारांच्या भावात शंभर रुपयांचा फरक आणि पंधरा हजारांच्या भावात शंभर रुपयांचा फरक सारखा नव्हे. म्हणून रुपयांऐवजी टक्क्यांत बदल मोजायचा. ही सुधारणा १९५९ मध्ये ऑस्बर्न या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली होती. विद्यार्थ्याने प्रथम बाजाराच्या एकेका दिवसाचा बदल काढला, त्यांचे वर्ग केले, सरासरी घेतली, वर्गमूळ काढले. मग सोळा सोळा दिवसांच्या बदलांसाठी तेच केले.

भाव सरळ रेषेत चालणारा असेल, तर दुसरा आकडा पहिल्याच्या सोळापट यायला हवा. भटकणारा असेल, तर चौपट. उत्तर सोळाच्या जवळपासही नव्हते. ते चाराच्या आसपास आले. मुलगा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसला.

अर्थात एका वहीवरून सिद्धांत होत नाही. सुगीच्या दिवसांत आवक वाढली की भाव उतरतात, हे कोणताही शेतकरी सांगेल. पण ते सर्वांनाच ठाऊक असते. त्यातून फुकट नफा कोणाला मिळत नाही.

चौसष्ट माणसे आणि सहा अंदाज

‘‘पण सर, मग त्या सल्लागाराचे सहा अंदाज बरोबर कसे आले?’’

हा प्रश्न चांगला होता. मी फळ्यावर ६४ हा आकडा लिहिला.

समजा, एखाद्याने ६४ व्यापाऱ्यांना संदेश पाठवले. निम्म्यांना, म्हणजे ३२ जणांना ‘भाव चढेल’ असे कळवले आणि उरलेल्या ३२ जणांना ‘भाव उतरेल’ असे. आठवडाअखेर कोणत्यातरी ३२ जणांना बरोबर संदेश गेलेला असणारच. चुकीचा संदेश ज्यांना गेला त्यांना सोडून द्यायचे. उरलेल्या ३२ पैकी १६ जणांना पुन्हा ‘चढेल’, १६ जणांना ‘उतरेल’. दुसऱ्या आठवड्यानंतर उरले १६. मग ८, मग ४, मग २, मग १. सहा आठवड्यांनी एक व्यापारी असा उरतो, की ज्याला लागोपाठ सहा बरोबर अंदाज मिळालेले आहेत. त्या बिचाऱ्याला बाकीच्या ६३ जणांची गंमत ठाऊकच नसते. त्याला वाटते, सल्लागाराला दिव्यदृष्टी आहे.

त्या सल्लागाराने असेच केले, असे मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही. पण लबाडी नसतानाही हेच घडू शकते. ६४ प्रामाणिक सल्लागार मनात येईल तो अंदाज सांगत राहिले, तरी त्यांतल्या साधारण एकाचे सहाच्या सहा अंदाज निव्वळ योगायोगाने बरोबर येतील. लोकांच्या तोंडी नाव होते ते त्या एकाचे. चुकलेले ६३ जण कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

म्हणून सहा वेळा बरोबर आले, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो असा: एकूण किती जणांनी, किती वेळा अंदाज केले होते?

उपमा कुठे तुटते?

आता एका गोष्टीविषयी तुम्हांला सावध केले पाहिजे. विज्ञानात उपमा फार उपयोगी पडते, पण ती कुठे संपते हे न पाहता पुढे गेलो तर पाय खड्ड्यात जातो.

१९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी भटकणाऱ्या भावाचे गणित वापरून एक सूत्र शोधले. ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क, पण घेण्याचे बंधन नाही, अशा कराराची रास्त किंमत त्या सूत्राने काढता येते. त्याच्या मुळाशी पुन्हा उष्णतेचेच समीकरण आहे. याच कामासाठी शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. (ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते.) पण पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, हे दोघे ज्या अमेरिकन गुंतवणूक संस्थेत भागीदार होते ती संस्था कोसळली. तिला सावरण्यासाठी चौदा मोठ्या वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले. कर्ज काढून मोठे सौदे केले होते आणि बाजार गणिताबाहेर वागला.

असे का झाले? नाणेफेकीच्या चालीत एक अट लपलेली आहे: प्रत्येक पाऊल आधीच्या पावलांपासून स्वतंत्र असते. पाण्याचे रेणू एकमेकांच्या बातम्या ऐकून घाबरत नाहीत. माणसे घाबरतात. शेजाऱ्याने माल विकला की आपणही विकतो, आपण विकला की तिसरा विकतो. मग हजारो छोटे धक्के एकाच दिशेला बसतात आणि भाव एकदम कोसळतो.

बन्वा मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६३ मध्येच कापसाचे भाव तपासून हे निदर्शनास आणले होते. साध्या भटकण्याच्या गणिताप्रमाणे रोजच्या ठराविक चढउताराच्या पाचपटीहून मोठी उसळी किंवा घसरण सुमारे सात हजार वर्षांत एखाद्याच दिवशी व्हायला हवी. प्रत्यक्षात असे दिवस एकाच माणसाच्या आयुष्यात अनेकदा येतात. १९ ऑक्टोबर १९८७ या एकाच दिवशी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के घसरला. त्याचा रोजचा ठराविक बदल असतो एक टक्क्याच्या आसपास!

विद्यार्थ्याच्या वहीतही असे चारपाच दिवस होते. आलेख काढल्यावर ते काट्यासारखे वर आलेले दिसत होते. त्यांतलाच एक दिवस त्याच्या वडिलांच्या सातव्या आठवड्यातला होता.

मग उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, उद्याचा भाव सांगता येत नाही आणि मोठी घसरण कधी येईल तेही सांगता येत नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी?

आइन्स्टाइन यांची गोष्ट आठवा. कण कोणत्या दिशेला जाईल हे त्यांनी सांगितले नव्हते. किती दूर जाऊ शकेल, हे सांगितले होते. भावाच्या बाबतीतही तेच. ‘चढेल की उतरेल’ हा प्रश्न सोडून ‘माल ठेवायचा तितक्या दिवसांत भाव किती खाली येऊ शकेल, आणि तसे झाले तर मला ते झेपेल का?’ हा प्रश्न विचारला, तर वहीतून काहीतरी उत्तर मिळते. त्या उत्तरात मोठ्या घसरणीसाठी आणखी जागा ठेवावी लागते. आणि कर्ज काढून सारा माल एकाच अंदाजावर भरायचा नाही, एवढे तर त्यातून नक्कीच निघते.

एका शनिवारी तो वडिलांनाच घेऊन आला. ते प्रयोगशाळेच्या स्टुलावर अवघडून बसले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात दुधाचा एक थेंब टाकून दाखवला. दुधातल्या स्निग्धांशाचे बारीक गोलक थरथरत होते. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिले.

‘‘हे कधी थांबतं?’’ त्यांनी विचारले.

‘‘थांबत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग यात बरोबर सांगणारा कोण, आणि चुकीचा तरी कोण?’’ असे म्हणून ते उठले. जाताना मुलाच्या हातातली वही त्यांनी आपल्या हातात घेतली. गेलेले पैसे परत आले नाहीत. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पण मुलाने मला सांगितले, की आता संध्याकाळी भाव टिपायला वडील त्याच्या शेजारी बसतात.

मित्रांनो, शाळेत आपण विषयांची वेगवेगळी पुस्तके करतो ती सोयीसाठी. निसर्गाला त्या भिंती ठाऊक नसतात. १९९५ मध्ये कोलकात्याला भरलेल्या एका परिषदेत यूजीन स्टॅन्ली या भौतिकशास्त्रज्ञाने अर्थव्यवहारांच्या अशा अभ्यासासाठी ‘इकॉनोफिजिक्स’ हा शब्द वापरला आणि तेव्हापासून ती अभ्यासाची एक शाखाच झाली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलाला प्रयोगशाळेचे दार ठोठवावेसे वाटले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल वाटले ते मला, आणि ती चूक माझी होती.

करून पाहा

१. वर्गातील प्रत्येकाने नाणे १६ वेळा उडवावे. छाप म्हणजे +१, काटा म्हणजे −१. प्रत्येकाची बेरीज फळ्यावर लिहा. सर्व बेरजांचे वर्ग करून सरासरी काढा. ती १६ च्या जवळ येते का? मग प्रत्येकी ६४ वेळा नाणे उडवून पुन्हा पाहा.

२. वर्गातील प्रत्येकाने सहा नाणेफेकींचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेवावा. मग शिक्षकांनी सहा वेळा नाणे उडवावे. सर्वांत जास्त अंदाज कोणाचे बरोबर आले? त्या मुलाला पुढच्या सहा फेकींचे अंदाज पुन्हा लिहायला सांगा, आणि काय होते ते पाहा.

३. तुमच्या गावच्या बाजारातील कोणत्याही एका जिनसाचा, कांद्याचा, सोयाबीनचा किंवा टोमॅटोचा, भाव रोज वहीत टिपा. शंभर दिवस झाले की एका दिवसाचा बदल आणि चार दिवसांचा बदल यांची तुलना करा. उत्तर दोनपट येते की चारपट?